फौजीचं घर

गावात आमच्या घराला ‘फौजीचं घर’ म्हणतात. मी निवृत्त होऊन आलो तेव्हा येरमाळ्यापासून ट्रॅक्टरवर उभं करून, गुलाल उधळत मला मिरवत आणलं होतं. हारांनी मान अवघडली, पण उतरवतंय कोण! पुढं प्रजासत्ताक दिनाला शाळेत भाषण माझंच. संरक्षणाला पैसा कमी पडता कामा नये, असं मी ठणकावून सांगायचो. शाळेला लागून असलेल्या आरोग्य उपकेंद्राला तेव्हाही कुलूपच असायचं. शांतिसेनेत असताना एका परक्या देशात हेच पाहिलं होतं. रस्त्यावर चकचकीत रणगाडे अन् दवाखान्यात खाट नाही. तिथं मी हसलो होतो.

थोरल्या भावाच्या छातीत कळ यायची. मी सीमेवर असताना आईचं, शेताचं, माझ्या लेकरांचंही त्यानंच केलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखवा, असं सगळे सांगून थकले. त्याचं एकच, “आपलं फौजीचं घर हाय. आपल्याला मोठा दवाखाना हाय.” माझ्या माजी सैनिकाच्या कार्डावर आईचं ऑपरेशन सोलापुरात फुकट झालं, ते त्यानं पाहिलं होतं. त्या कार्डात भाऊ बसत नाही, हे मला ठाऊक होतं. पण फौजीचा शब्द कोण मोडतो, हा माझा तोरा. म्हटलं, “चला आण्णा, मी बघतो.”

सोलापुरात त्या मोठ्या दवाखान्यात खिडकीवरच्या बाईंनी कार्ड पाहिलं. “आई-वडील, बायको, मुलं. भाऊ नाही बसत.” मी आवाज चढवला. लोक बघायला लागले. ज्यानं बंदूक धरली त्याची देशाला काळजी होती. ज्यानं मागं घर धरलं तो कुणाच्याच खिजगणतीत नव्हता. आण्णानं माझी बाही ओढली, “ऱ्हाऊ दे. चल.” तिथूनच सरकारी दवाखान्यात जाऊ म्हटलं, तर म्हणाला, “आज नको. गावाला काय सांगायचं?”

पारावर लोकांनी विचारलंच. मी तोंड उघडायच्या आत आण्णा बोलला, “मोठ्या डॉक्टरनं तपासलं. काय न्हाय निघालं. फौजीचा भाऊ म्हणून चहा पाजला.” सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं आणि मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते.

आता त्याला दवाखान्यात जा म्हणून गावात कोणी सांगत नाही. मी रोज सांगतो. परवा बांधावर छाती धरून बसला होता. हाताला धरून उठवायला गेलो, तर म्हणाला, “आता कुठल्या तोंडानं जाऊ रं? तू खोटा पडशील.”