लक्ष्मी फिरायला निघते

"पाय बघा की जरा," असं काकू म्हणायच्या आणि समोरचा माणूस दचकून आधी स्वतःच्याच पायांकडे बघायचा. मग त्याला कळायचं, की त्या रस्त्यावरच्या पावलांबद्दल बोलतायत. रांगोळीनं काढलेल्या, लक्ष्मीच्या.

सोनईची शेती खंडाने देऊन काकू आमच्या सावेडीतल्या गल्लीत मुलाकडे राहायला आल्या. सोबत काका. सोनईत दिवसभर बांध तुडवणारे काका इथे गॅलरीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. जाणार तरी कुठे? आमची गल्ली म्हणजे सिग्नल चुकवणाऱ्यांचा शॉर्टकट. फूटपाथ नावालाही नाही. कोपऱ्यावरून दूध आणायलाही आम्ही स्कूटर काढायचो आणि वर, गल्लीत गाड्या किती वाढल्यात म्हणून कुरकुरायचो. तुमच्या गल्लीतही याहून वेगळं काही चालत नसणार.

काकांची शुगर वाढली. मग एका अंगावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, रोज चाललात तर पाय कामाला लागेल, नाही तर खुर्ची आहेच. काका काठी घेऊन बाहेर पडले आणि पहिल्याच दिवशी एका स्कूटरचा आरसा त्यांच्या कोपराला घासून गेला. त्यानंतर ते फाटकाबाहेर पाऊल टाकेनात.

"शेतात साप निघायचे, तवा न्हाई भ्यालो," ते मला म्हणाले. "ह्या गाड्यांचं लई भ्या वाटतं."

काकू चिडल्या की बोलत नसत, कामाला लागत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रस्त्यावर सडा टाकून भलीमोठी कमळं काढली. शाळा भरायच्या आत गाड्यांनी कमळं पुसून टाकली. काकू ते बघत उभ्या राहिल्या. पुढच्या सकाळी कमळं नव्हती. एका कडेला एका गाडीपुरती वाट सोडून, त्यांच्या फाटकासमोर बाकी रस्ताभर लक्ष्मीची पावलं होती.

पाण्याच्या जारचा टेम्पो करकचून थांबला.

"मावशी, भर रस्त्यात कुठं रांगोळी काढता?"

"पाय बघा की जरा. लक्ष्मी हाय. घालायची तर घाला वरून गाडी."

सकाळी सकाळी, धंद्याच्या वेळी, लक्ष्मीवरून टेम्पो घालायची कोणाची छाती होणार? तो कडेकडेनं, बैलगाडीसारखा पुढे सरकला. मागच्या स्कूटरी मुकाट त्याच्यामागे. मी गॅलरीत उभी राहून पोट धरून हसले.

समोरच्या वहिनींना मात्र शास्त्र आठवलं. "काकू, लक्ष्मीची पावलं घरात येणारी काढतात. तुमची तर बाहेर चाललीत."

"जाऊ द्या की तिलाबी फिरायला," काकू म्हणाल्या. "घरात बसून तिचीबी शुगर वाढंल."

रोज सकाळी लक्ष्मी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीकडे थोडी थोडी सरकू लागली. तिच्या कडेनं काका, काठी टेकत, रांगोळीवर पाय पडू न देता. काकू मागे उभ्या. काका थांबले की मागून आवाज यायचा, "अहो, ती पुढं गेली बघा." मग गल्लीतली पोरं सायकली घेऊन उतरली. त्याच वहिनी पायात बूट चढवून फिरायला लागल्या. मी दुधाला पायी जाऊ लागले आणि मला त्याचा बिनकामाचा अभिमानही वाटायला लागला.

एके दिवशी पावलं टपरीपर्यंत पोहोचली. आम्ही सगळे आपापल्या फाटकात उभे. काका गेले, बाकड्यावर बसले, काठी बाजूला ठेवली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एक चहा. बिनसाखरेचा."

आम्ही टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत. काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "रांगोळी संपली," त्या म्हणाल्या. "आता आनायला नगं."

काका चांगले चालायला लागले तशी त्यांना शेताची ओढ लागली होती; त्याच संध्याकाळी दोघं सोनईला परत गेले.

दुसऱ्या दिवशी रस्ता कोरा होता. पोरांच्या सायकली बाहेर निघालेल्या, म्हणून मी धास्तावून फाटकात जाऊन उभी राहिले. टेम्पो आला आणि नेहमीच्या जागी थांबला.

"रांगोळी न्हाई आज?"

"काकू सोनईला गेल्या," मी म्हणाले. "काका शेतात चालतायत आता."

त्यानं कोऱ्या डांबराकडे बघितलं. "असू द्या," तो म्हणाला, "पाय कुठं हायेत ते ठावं हाय मला." आणि टेम्पो कडेला घेऊन तो सावकाश निघून गेला. त्याच्यामागून स्कूटरीही तशाच गेल्या, एकामागे एक.