चोऱ्या वाढल्या त्या वर्षी

जव्हारला बाजारामागच्या आळीत पोलीस चौकी होती आणि तिथे मी लिहिणारा कारकून होतो. संस्थानचा काळ. कुणी फिर्याद आणली तर ती पुस्तकात उतरवायची आणि वर्षाअखेरीस गुन्ह्यांचा तक्ता करून मोठ्या कचेरीत पाठवायचा, एवढं माझं काम. पहिली काही वर्षं तो तक्ता करायला मला अर्धा दिवसही लागला नाही. आमच्या आळीत चोऱ्या जवळजवळ होतच नव्हत्या. म्हणजे पुस्तकात नव्हत्या.

चौकीवर तेव्हा एक जमादार होते. तोंडाने तिखट आणि हाताने त्याहून. फिर्याद घेऊन आलेल्यालाच ते आधी उभं करून विचारत, "वस्तू तुझीच होती कशावरून?" फिर्याद घेतलीच, तर सरळ आळीखालच्या वस्तीत जात. तिथली माणसं बिनजमिनीची. पुरुष रोजावर जात, बायका मोळ्या विकत. त्यातल्या दोघातिघांना जमादार धरून आणत, आणि मग चौकीच्या मागून येणारे आवाज आळीभर ऐकू जात. गेलेली वस्तू क्वचितच सापडे.

एकदा माझ्याच घरचा तांब्याचा हंडा गेला. बायकोने घासून मागच्या अंगणात पालथा घातला होता, दुपारी पाहते तर नाही. मी घरी आल्यावर तिने सांगितलं आणि लगेच म्हणाली, "तुम्ही लिहू मात्र नका."

"का?"

"लिहिलंत की जमादार त्या मोळीवालीला नेतील. सकाळी तीच आली होती अंगणात. तिला आठवा महिना आहे, अहो. आणि ती घेणारी नाही."

मी नाही लिहिलं. पुढे कितीतरी महिने बायको लहान कळशीने पाणी भरत राहिली, दोनच्या जागी चार खेपा घालत. तिने एका शब्दाने मला टोचलं नाही, पण ती विहिरीकडे निघाली की मी दुसरीकडे पाहायचो.

जमादार उतारवयामुळे घरी बसले आणि त्यांच्या जागी एक हवालदार आला. आधी पहाऱ्यावर असलेला, पोशेऱ्याकडचा, नाचणी पिकवणाऱ्या घरातला. वाडीवरच्या माणसांशी तो त्यांच्याच बोलीत बोले. आल्याच्या आठवड्यातच जामसरची एक म्हातारी चौकीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बाजारात गवताचा भारा उतरवून ती पाणी प्यायला गेली होती, तेवढ्यात तिचा कोयता कुणीतरी उचलला होता.

"मला मारशील काय?" तिने आधी हेच विचारलं.

"नाय मारत, आये. बस," हवालदार म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "लिहून घ्या, भाऊसाहेब."

"कोयत्याची फिर्याद?"

"उद्या ती गवत कशाने कापणार?"

मी लिहिलं. तो म्हातारीला घेऊन बाजारभर हिंडला. कुणावर ओरडला नाही, नुसता विचारत गेला. तिसऱ्या दिवशी कोयता लोहाराकडे मिळाला. कुणीतरी नवी मूठ बसवायला टाकला होता. टाकणारा घ्यायला आला, तेव्हा हवालदार तिथेच बसलेला होता.

ही गोष्ट आसपासच्या गावांत पसरायला वेळ लागला नाही. मग लोक येऊ लागले. कुणाची कोंबडी, कुणाचं घोंगडं, कणगीतलं भात, मासे धरायचं जाळं. एक जण तर दोन पावसाळ्यांपूर्वी गेलेल्या नांगराच्या फाळाची तक्रार घेऊन दाभोशाहून पायी आला. सगळं सापडे असं नाही. निम्म्याहून अधिक नाहीच. पण माणसं येत, सांगत, आणि मी लिहीत असे. खालच्या वस्तीतूनही एक बाई आली. वाळत घातलेलं लुगडं गेलं म्हणाली. त्या वस्तीतून स्वतःच्या पायांनी चौकीत आलेली माझ्या पाहण्यातली ती पहिली.

वर्ष संपलं आणि एका पानावर मावणारा तक्ता चार पानांवर गेला. मोठ्या कचेरीतून आम्हा दोघांना बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी मागचा तक्ता आणि नवा तक्ता शेजारी ठेवले.

"हा माणूस आल्यापासून सगळे चोर जव्हारात गोळा झाले की काय? जमादार होते तेव्हा आळी शांत होती." मग हवालदाराला म्हणाले, "तुला पहाऱ्यावर परत पाठवतो. चौकी तुला झेपत नाही."

हवालदार मान खाली घालून उभा राहिला. त्याला बोलता येत नव्हतं असं नाही. साहेबांपुढे बोलायची सवय नव्हती.

"साहेब," मी म्हणालो, "जमादारांच्या वेळी माझ्या घरचा हंडा गेला. तो जुन्या तक्त्यात नाही."

"का नाही?"

"मी लिहिला नाही."

"लिहिणारा तूच, आणि तूच लिहिला नाहीस?"

"निरपराध कुणाला मारहाण व्हायला नको होती, साहेब. माझ्यासारखे आळीत अजून असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः आळीत आले. शिंप्याच्या ओट्यावर बसले, दोनचार घरांत पाणी मागून प्यायले आणि लोकांना बोलतं करत गेले. शिंप्याने जमादारांच्या वेळी चोरीला गेलेली कात्री सांगितली. समोरच्या विधवा बाईंनी पितळेची समई सांगितली, आणि सांगता सांगता त्यांना रडू आलं. मग साहेब परत गेले.

हवालदार चौकीतच राहिला. तक्ता होता तसाच पुढे गेला. फक्त शेऱ्याच्या रकान्यात साहेबांनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली, की लोक फिर्याद देऊ लागल्याने संख्या वाढलेली दिसते. मला मात्र लेखी ठपका मिळाला. तो मी घरी वाचून दाखवला, तेव्हा बायको म्हणाली, "बरं झालं बोललात," आणि भाकरी थापायला बसली.

पुढच्या वर्षीही तक्ता मोठाच राहिला. मग हळूहळू आखडत गेला. चोऱ्या खरंच कमी झाल्या की लोकांचा उत्साह ओसरला, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. हवालदाराची मोखाड्याला बदली झाली तेव्हा आळीतल्या बायकांनी त्याला वाटेसाठी नाचणीच्या भाकऱ्या बांधून दिल्या. त्याच्या जागी आलेला माणूस बरा होता. थोडा आळशी होता, पण हात उगारत नसे, आणि लोक येत राहिले.