तपासणीआधी सोडलेलं दूध

परवा पुन्हा तपासणीला रक्त द्यायला जायचंय आणि जीव थाऱ्यावर नाही. पहिल्या खेपेला मात्र मी अगदी निवांत होते. तेव्हा मी नुकती साठी ओलांडलेली, म्हणजे कोवळीच, आणि अक्कल सगळी माझ्याच घरी पाणी भरत होती.

मूत्रपिंडं मंदावलीत, हे कळलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं: दूध, मटण कमी करा, त्यातलं फॉस्फेट आता नीट बाहेर पडत नाही; आणि जेवताना घासाबरोबर एक गोळी घ्या, ती फॉस्फेटला पोटातच धरून ठेवते. मला पटेना. हाडं ठणकतात आणि दूध सोडू? संध्याकाळी आमच्या मालकांना ओढत मी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जायची. म्हैस समोर उभी, धार थेट पेल्यात, वर बोटभर फेस. मालक पुटपुटायचे, नको म्हणलंय की. मी पदरानं फेसाची मिशी पुसायची.

तपासणीआधी दोन दिवस मात्र दूध बंद. फॉस्फेटचा आकडा शहाण्यासारखा आला. मी खुर्चीत ऐटीत बसले. बाई रिपोर्ट बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आजी, दूध कधीपासून सोडलंत?"

मी मालकांकडे पाहिलं. मालकांनी पंख्याकडे.

रक्त दोन दिवसांत साळसूद झालं होतं, पण गळ्यातल्या बारक्या ग्रंथींचं हार्मोन चढलेलंच होतं. बाईंनी समजावलं. फॉस्फेट वाढलं की हाडंच एक हार्मोन सोडून मूत्रपिंडांना सांगतात, हे बाहेर टाका. माझी मूत्रपिंडं थकलेली. निरोप पोचतो, काम होत नाही. मग रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि गळ्यातल्या त्या ग्रंथी ते हाडांतून ओढून काढतात.

"हाडांसाठी दूध पिताय," त्या म्हणाल्या, "आणि हाडंच पोखरली जातायत. एक दिवस नुसत्या ठेचेनं मोडतील."

पायऱ्या उतरताना मालकांनी माझा दंड असा धरला, जणू मीच काठोकाठ भरलेला पेला.

तेव्हापासून कट्टा बंद, पांढरा रस्साही बंद, गोळी पहिल्या घासाबरोबर. मालकही कट्ट्यावर जात नाहीत. जा म्हटलं तरी नाही. आज माझ्या ताटात भात तसाच राहिलेला बघून त्यांनी विचारलं, "भ्यालीस व्हय?"

"भ्याले की," मी म्हणाले. "या खेपेला लबाडी केलेली न्हाय. आकडा वाईट आला, तर तो खराच असंल."

त्यांनी गोळी माझ्या ताटाकडं सरकवली. मी घास उचलला.