बर्फाच्या मशीनवरचे दोन ठोके

मंडळी, आज सकाळी एक गोष्ट घडली, म्हणून इथे लिहितोय.

माझं इंडस्ट्रियल रॉकचं नवीन गाणं तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलंय. बाबा गेले त्या महिन्यात ते केलं. आमचं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण होतं आणि ते डोक्यातून जाईना. शेवटी जुना पत्रा घेतला, त्यावर हातोडीने ठोके मारले आणि वर गिटार किंचाळवली. गाणं काळंकुट्ट आहे, पण पोरं त्यावर नाचतात.

बाबा जन्मभर रेवदंड्याच्या जेटीवर होड्यांमध्ये बर्फ भरायचे. होडी भरली की, मशीनमधून बर्फ खाली येतो त्या पत्र्याच्या घसरणीवर ते दोन ठोके द्यायचे. ती खूण ऐकून वर मशीनवर बसणारे काका बर्फ फोडायचं मशीन बंद करायचे.

आज जेटीवर गेलो, तर एका खलाशाने स्पीकरवर माझंच गाणं लावलेलं. त्यातले दोन ठोके वाजले आणि वरचं मशीन थांबलं. होडी अजून अर्धी रिकामी होती.

काका वरून वाकून बघत होते. चेहरा पांढराफटक. मला म्हणाले, "तुझ्या बापाचा हात हाय तो. दुसरा ठोका जरा थांबून. असा दुसरा कोन मारीत न्हाय."

"काका, ते मीच मारलेत."

त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं नाही.

घरी येऊन आठवलं. त्या भांडणात बाबांनी टेबलावर दोनदा हात आपटला होता. दुसऱ्यांदा जरा थांबून. ती थांबायची खूण होती, मी मात्र बोलतच राहिलो.

गाण्यात ते ठोके शेवटपर्यंत वाजत राहतात. सांगा, ते वाजवायचं आता तरी थांबू का?