सत्तर रुपयांचा चाकू

साकीनाक्याच्या आमच्या पॅकिंग युनिटमधले स्टोअरकीपर चाकूंचे मोठे जाणकार आहेत. त्यांचा घडीचा चाकू परदेशी. तो मखमली डबीत, डबी कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात, आयकार्डाच्या फितीला. त्या चाकूने ते फळ कापत नाहीत, खोकं तर नाहीच नाही. "धार जाते रे," म्हणतात.

माझा चाकूही घडीचाच, पण फुटपाथवरचा, सत्तर रुपयांचा. दिवसभर खोकी तोच फोडतो आणि दुपारी धुऊन घेतला की ह्यांचा कांदाही तोच कापतो. तो कांदा चावत ते रोज विचारतात, "ह्याला काय चाकू म्हणतात?"

परवा ते चालू मशीनवर वाकले आणि गळ्यातली फीत रोलरने आत ओढली. तोंड पार रोलरपर्यंत गेलं. मी खिशातला चाकू उघडून फीत कापली.

ते घटाघटा पाणी प्यायले. मग गळ्यात उरलेल्या फितीचं टोक उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता तरी माझ्या चाकूबद्दल चार शब्द बरे बोलतील.

"किती दातेरी कापलंस रे," ते म्हणाले. "माझ्या चाकूने एकदम सफाईदार कापलं असतं ना!"

कपाटाची किल्ली अजून रोलरमध्येच अडकलेली होती.