ते ‘या’ कोणी म्हटलं?

लोक आपले अनुभव लिहितात तेव्हा देवाने काय केलं हे त्यांना ठाम माहीत असतं. माझं तसं नाही. त्या दिवशी काय काय झालं एवढंच मला सांगता येईल, आणि तेही सांगताना मधेच वाटतं, आपण काहीतरी उलटसुलट लावतोय. मी देवभोळी नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून संध्याकाळी देवापुढे दिवा मी लावते, पण मन बहुतेक गॅसवरच्या दुधात असतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझ्या सासऱ्यांना, नानांना, सायकलचं वेड होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी शांत रस्ते शोधायचा छंद धरला. ट्रक दिसला की नानांनी रस्ता बदललाच म्हणून समजावं. इंदिरानगरातून पहाटे निघायचं, शहर जागं व्हायच्या आत नदी ओलांडायची आणि मखमलाबाद, मातोरी, मुंगसरे असं मळ्यामळ्यांतून गिरणाऱ्याला पोचायचं. सासूबाई आधीच गेलेल्या. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे पंच्याण्णव साली, नानांनी मलाही एक लेडीज सायकल आणून दिली. सुनेला सायकलवर फिरवणारा सासरा आमच्या कॉलनीत चेष्टेचा विषय झाला होता. मला मात्र आठवड्यातून एकदा दोन-तीन तास मोकळी हवा मिळत होती, त्यामुळे कोणी काय म्हणतं याची मी फिकीर केली नाही. मळ्यातली माणसं ओळखीची झाली. झेंडू तोडणाऱ्या बायका लांबूनच विचारायच्या, “नाना, आज सूनबाई बी आल्या का?”

पुढे सहा-सात वर्षांनी नाना विसरायला लागले. आधी नावं, मग जेवण झालं की नाही ते, मग मला. कधी मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे, कधी परक्या बाईसारखं ‘अहो’ म्हणायचे. डॉक्टरांनी त्यांना एकटं सोडू नका म्हणून बजावलं होतं. आम्ही सायकलला कुलूप लावून किल्ली लपवली. पण ज्या माणसाला कालचं आठवत नव्हतं, त्याला ती किल्ली डाळीच्या डब्यात सापडली.

नवरात्र संपून आठवडा झाला असेल. मी आंघोळ करून बाहेर आले तर दार उघडं, सायकल नाही. टेबलावर पोहे तसेच झाकलेले. शेजारी काढून ठेवलेली मधुमेहाची गोळी नाही आणि पाण्याचा पेला रिकामा, म्हणजे गोळी घेतलेली. गोळी घेऊन उपाशी राहिले तर साखर एकदम उतरते आणि माणूस बसल्या जागी कोसळतो, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. नवरा विंचूरला, त्याच्या बँकेत. त्याला फोन केला, पण त्याला यायला दोन तास लागणार होते. शेजारचे स्कूटर घेऊन द्वारका चौक आणि बसस्टँडकडे गेले. मी माझी सायकल काढली. मोठ्या रस्त्याला नाना जाणार नाहीत एवढंच मला माहीत होतं, आणि तेही जुन्या नानांबद्दल.

मखमलाबादच्या पुढे झेंडूवाल्या बाईने सांगितलं, “गेले की. लय येळ झाला. हाक मारली तर वळून बी नाय पाह्यलं.” मातोरीला कोणी पाहिलं नव्हतं, मुंगसऱ्याला एकाने पाहिलं होतं. गिरणाऱ्याला टोमॅटोचा बाजार भरलेला, तिथे कोणाला विचारणार! ऊन चढलं होतं. गिरणारं सोडलं आणि थोडं पुढे रस्ता फुटतो तिथे येऊन थांबले. एक फाटा सरळ डोंगराकडे, एक खडीचा, पाड्याकडे उतरणारा. दोन्ही रस्ते नानांना आवडले असते. दोन्हीकडे चिटपाखरू नव्हतं. ज्या शांततेसाठी आम्ही इतकी वर्षं पॅडल मारलं, तिचा मला त्या क्षणी मनस्वी राग आला. एखादी गाडी, एखादं माणूस असतं तर विचारता आलं असतं.

मग मी प्रार्थना केली. तिला प्रार्थना म्हणायचं का हाही प्रश्नच आहे, कारण मी भांडत होते. गडावरच्या देवीला म्हणाले, आई, माझे नाना होते तसे मला परत दे. रस्ता दाखव. नाही दाखवलास तर तू नाहीस असं मी धरून चालेन. हे मोठ्याने बोलले की मनात, आठवत नाही.

तेवढ्यात डोंगराच्या बाजूने एक म्हातारी आली. डोक्यावर गवताचा भारा, नेसूचं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मी तिला सायकलवरच्या म्हाताऱ्याचं विचारलं.

“नाय बाई. मी सकाळधरनं गवतावर हुते. कोनी दिसलं नाय,” ती म्हणाली. क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग भारा सारखा केला, “बरं, या मंग. या,” असं म्हणाली आणि खडीच्या वाटेने उतरायला लागली.

मी सायकल हातात धरून तिच्या मागे निघाले.

आता हे लिहिताना हसू येतं. निघणाऱ्या माणसाला आपण ‘जा’ म्हणत नाही, ‘या’ म्हणतो. मी स्वतः दारात उभी राहून आल्यागेल्याला रोज म्हणते. पण त्या क्षणी मला ते बोलावणं वाटलं. वाटलं म्हणजे काय, शंकाच आली नाही. म्हातारीने दोनदा मागे वळून पाहिलं आणि पावलं उचलली. मीही उचलली. अशा आम्ही दोघी जवळजवळ पळतच पाड्यात पोचलो.

पहिल्या घरापाशी तिने भारा टाकला आणि कमरेवर हात ठेवले. “बाई, तुम्ही माझ्या मागं मागं कशापायी?”

“तुम्हीच या म्हणालात ना?”

“अवं, ते निरोपाचं! मान्साला ‘जा’ कसं म्हनावं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्धा तास वाया घालवला, आता नाना गेले, असं मनात आलं आणि मी तिथेच रडायला लागले. म्हातारी गोंधळली, माझा दंड धरून मला सावलीत न्यायला लागली. तेव्हा घराच्या पलीकडे हापसा दिसला आणि हापशाला टेकवलेली नानांची सायकल दिसली.

नाना शेंदूर लावलेल्या एका दगडापाशी ओट्यावर बसले होते. ती त्या पाड्याची देवी. म्हातारीच्या सुनेने सांगितलं, बाबा आले तेव्हा घामाने भिजलेले होते, हात थरथरत होते. कोण, कुठले, तिने काहीच विचारलं नाही. दारात आलेल्याला गूळ-पाणी द्यायचं म्हणून दिलं. त्यांनी गूळ खाल्ला, अजून मागितला, मग नागलीची भाकर खाल्ली. तिला मधुमेह, गोळी, काही ठाऊक नव्हतं. नानांचा जीव त्या गुळाने वाचला, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

आणि मी काय केलं? मी चिडले. “नाना, किती शोधलं तुम्हाला! असं कोणी जातं का?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती, भीतीही नव्हती.

“तुम्ही कोणाच्या?” त्यांनी विचारलं.

“तुमच्याच घरची.”

“घर माहीत आहे तुम्हाला?”

“हो.”

“मग चला,” ते म्हणाले, आणि सायकल हातात धरून उभे राहिले.

मी देवीला किती अटी घातल्या होत्या. होते तसे दे, आत्ता दे, नाहीतर तू नाहीस. आणि या माणसाला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं, तरी दोन प्रश्न विचारून तो माझ्याबरोबर निघाला. शरण जाणं म्हणतात ते हेच का, की हा नुसता आजार, मला अजून सांगता येत नाही. म्हातारीने मला बोलावलं नव्हतं, हेही खरं. मग मी कोणाचं ऐकून गेले? निघताना हात जोडायचे तर कोणाला, तेच कळेना. दगडाला, म्हातारीला, तिच्या सुनेला की नानांना? शेवटी त्यांच्या मधे कुठेतरी जोडले. गिरणाऱ्यापर्यंत आम्ही चालत आलो आणि तिथून टोमॅटोच्या टेम्पोत सायकली टाकून घरी.

त्यानंतर नाना तीन वर्षं होते. आठवड्यातून एकदा मी त्यांना घेऊन जवळच्याच एखाद्या मोकळ्या रस्त्याने चालून यायची. त्यांनी मला पुन्हा कधी नावाने ओळखलं नाही, आणि मी ते देवीकडे पुन्हा मागितलं नाही.