चुलतीनं ओवाळलेली पाहुणी

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. त्यामुळं मी कुणालाही घरी नेलं तरी कौतुकच व्हायचं. सोलापुरात माझ्या वर्गात इथिओपियाची एक मुलगी होती. सुट्टीत तिला उजनीकाठच्या आमच्या गावी घेऊन गेले.

एसटीत ती हसत म्हणाली, "आमच्याकडं मला लाल म्हणतात, म्हणजे उजळ. काळी माझी बहीण. सोलापुरात उतरले आणि मीच काळी झाले."

शहरात लोक तिला वळून वळून बघायचे. मोहोळच्या पुढं कुणी बघेना. अंगावर माझा पंजाबी ड्रेस, घट्ट वेणी. कंडक्टरनं तिला मराठीतच सुट्टे मागितले.

दारात पोचलो तर चुलती भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन बाहेर आली. तुकडा मैत्रिणीवरून ओवाळून टाकला, तिच्या पायावर पाणी घातलं. पाहुणीला असं करत नाहीत. लांबून आलेल्या घरच्या लेकीला करतात.

चुलतीची लेक काही वर्षांमागं धरणाच्या पाण्यावर मोटार चालू करायला गेली, ती सापडलीच नाही. चुलतीनं तिचे दिवस घालू दिले नव्हते. लेक येणार, एवढंच म्हणायची.

"लई काळवंडलीस गं," मैत्रिणीचा गाल चाचपत ती म्हणाली. "उनाचं काम करतीस व्हय तितं?"

"काय म्हणतायत?" मैत्रिणीनं मला इंग्रजीत विचारलं.

"ऊन लागलं का, विचारतायत."

चुलता ओट्यावर होता.

दिवसभर चुलती तिच्या केसांना तेल लावत, लेकीच्या नावानं हाका मारत राहिली. मैत्रीण ओ देत नव्हती. माझ्याकडं बघून नुसती हसायची. शेवटी मी धीर केला. "काकी, ती पाहुणी हाय. लांबच्या देशाची."

"मला दिसतंय की," चुलती शांतपणे म्हणाली. "लई लांबचाच देश हाय त्यो."



संध्याकाळी मैत्रीण तोंड धुवायला मोरीत गेली तेव्हा चुलती चुलत्याला म्हणाली, "अवो, तिनं मला वळकलं न्हाय. दिसभर बघत हुते. पल्याड गेल्यालं मानूस वळकत न्हाय. आता घाला तिचं दिवस."



परतीच्या एसटीची वेळ झाली, तशी मैत्रीण बॅग घेऊन चुलतीच्या पाया पडली. आमच्यात घरातनं निघालेल्या माणसाला कुणी 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतात. चुलतीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जा, बाय."